दसऱ्याच्या दिवशी तेरा नंबरचा पाना

दसऱ्याच्या दिवशी अख्ख्या जाम गावच्या चौफुलीवर एक तेरा नंबरचा पाना मिळू नये? हायवेच्या दोन्ही अंगांनी पंधरा-वीस गॅरेज, पंक्चरवाले, ट्रकचे मिस्त्री. एरवी पान्यांचा खडखडाट ऐकून कान किटतात. आणि त्या दिवशी मोहिनी दारोदार फिरली तरी कुणी पाना देईना. का, तर पाने पूजेला बसले होते! पण असं मधूनच सांगण्यात अर्थ नाही. सायकलपासूनच सांगायला पाहिजे.

सायकल किसनरावांची. नाल्यापलीकडच्या खेड्यातला हा माणूस, वय साठीच्या पुढं, दोन्ही गुडघे कामातून गेलेले आणि वावर घरापासून चार किलोमीटर. पोरगा म्हणाला, मोटारसायकल घेऊन देतो. तर हे म्हणाले, जन्म सायकलवर गेला, आता काऊन सोडू? फक्त पायडल मारायचं नाही, एवढंच. मग त्यांनी सायकलला बसवायचं पेट्रोलचं इंजिन मागवलं, आणि तेही साधंसुधं नाही, त्यातलं सगळ्यात दांडगं. "घ्याचं त जोरदारच घ्याव," हा त्यांचा हिशेब. लग्नातल्या जिलबीपासून वावरातल्या मोटारीपर्यंत त्यांचा एकच हिशेब.

इंजिन फ्रेममध्ये छान बसलं. घोडं अडलं मागच्या चाकावर. इंजिनच्या चेननं मागचं चाक फिरायचं तर चाकाच्या डाव्या अंगाला दात्यांची मोठी चकती बसवावी लागते. तिला सगळे स्पॉकेट म्हणतात. ती कशी बसवायची? इंजिनसोबत आलेल्या पुस्तकात चित्र होतं: एक रबराची चकती तारांच्या आतून, एक बाहेरून, मधे तारा दाबायच्या आणि बोल्ट आरपार. झालं काम! म्हणजे त्या दांडग्या इंजिनचा सारा जोर कुणावर, तर उदबत्तीच्या काडीएवढ्या तारांवर. चित्र काढणारा कधी सायकलवर बसला होता की नाही कोण जाणे. पहिल्या आठवड्यात नऊ तारा तुटल्या. नव्या टाकल्या, तर पुढल्या आठवड्यात अकरा. तेव्हा कुठं किसनराव ती सायकल ढकलत तानबाच्या दुकानात आले.

तानबा म्हणजे मोहिनीचा बाप. तीस वर्षांपासून चौफुलीवर सायकलचं दुकान. आता बारक्या कामाला त्याची नजर पुरत नाही, कंबर धरते, तो गल्ल्याजवळच्या खुर्चीवर बसतो आणि काम मोहिनी करते. मोहिनीनं आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स केला, पहिली आली, आणि गेली सहा वर्षं त्या दुकानातला एकेक नट तिच्याच हातून गेला. तरी माणसं अजून म्हणतात, "तानबाकडून करून आणली." बरं, चांगलं झालं की तानबाचं, आणि चाक जरा डुगडुगलं की "पोट्टीनं केलं असन." हे ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण सांगायचं कुणाला?

तर तानबा म्हणाला, "नवीन रबर टाकून दे."

"नाई," मोहिनी म्हणाली. "जोर तारांवर येऊच नाई देत मी. जोर हबवर आला पायजे."

हब म्हणजे चाकाच्या मधला तो जाड डबा, ज्यातून तारा निघतात. तिनं त्याचं माप घेतलं, कागदावर चित्र काढलं आणि बसनं हिंगणघाटला लेथवाल्याकडं गेली. दोन अर्धगोल लोखंडी भाग करून घेतले, हबला दोन्हीकडून मिठी मारतील असे. लेथवाल्यानं अर्धा मिलिमीटर जास्त कातलं. ती म्हणाली, परत कर. तो म्हणाला, "पत्र्याची पट्टी टाकून घे ना बाई, कोण पाह्यते?" ती म्हणाली, "मी पाह्यतो." चार दिवसांनी परत बस, परत हिंगणघाट. या वेळी भाग असे बसले की हबवर चढवताना रबरी हातोडीनं ठोकावे लागले. त्यांच्यावर स्पॉकेट, सहा बोल्टांनी. आता इंजिननं कितीही ओढलं तरी तारांना त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी तिनं स्पॉकेट चढवलं. सहाही बोल्ट आधी नुसते हातानं लावले. पद्धतच आहे तशी. आधी हलके लावायचे, चाक फिरवून पाहायचं, स्पॉकेट कुठं डुगडुगतं का बघायचं, सरळ झालं की मग समोरासमोरचे बोल्ट पाळीपाळीनं पान्यानं आवळायचे. स्पॉकेट सरळ आलं. पण इंजिनसोबतचे बोल्ट तिला मऊ वाटले, आणि खालचे स्प्रिंग वायसर तर बोटानं दाबले की चपटे होत होते. "बाबा," ती म्हणाली, "मी हार्डवेअरमधून चांगले बोल्ट घेऊन येतो. तुमची पूजा करा, पण बारा-तेराचा पाना तेवढा बाहेर ठेवजा. काम अर्ध्यात आहे."

"हाव, ठेवतो," तानबा म्हणाला.

हार्डवेअरचं दुकान अर्धंच उघडं होतं, मालक घरी, नोकराला काही सापडेना. तासभर गेला. परत आली तर दुकानात उदबत्तीचा धूर. लाल कपड्यावर सगळी हत्यारं ओळीनं मांडलेली, त्यांवर हळद-कुंकू, झेंडूची फुलं, आपट्याची पानं. आणि अगदी मधोमध, जसा काही नवरदेव, बारा-तेराचा दुतोंडी पाना!

"बाबा, हा ठेवा म्हणलं होतं ना!"

"जोडी अधुरी दिसत होती," तानबा म्हणाला. "पूजेत एक पाना कमी, बरं दिसते का? आता उद्या सकाळी."

मोहिनीनं हात पुढं केला तसा तानबा खुर्चीवरून उठला, कंबर धरून का होईना, पण उठला. "त्याले हात लावशीन त पाह्य. वर्षातून एक दिवस हत्याराले आराम असते. तुह्या मायनंबी कधी मोडलं नाई हे."

आई जाऊन चार वर्षं झाली होती. तिचं नाव निघालं आणि मोहिनीचा हात मागं आला. पुढं कितीतरी दिवस तिला स्वतःचाच राग येत राहिला की हात मागं का घेतला.

तेवढ्यात किसनराव आले. पांढराशुभ्र सदरा, डोक्यावर नवी टोपी. सोबत आनंदाबाई, त्यांची बायको, नवं हिरवं लुगडं नेसून, हातात नारळ आणि आरतीचं ताट. दसऱ्याला गाडी घरी न्यायची, अडीचच्या आत विजय मुहूर्त, असा त्यांचा बेत. मोहिनीनं त्यांना चाकाजवळ नेलं.

"काका, हे पाहा. हे सहा बोल्ट मी नुसते हातानं लावले. पाना लावला नाई अजून. अशी गाडी काढली आन इंजिननं जोर लावला त हे निंघतीन. मले अर्धा तास द्या, मी कोठूनबी पाना आणतो. तवर गाडीले हात नोका लावू. काकू, तुमीबी ऐका."

"हाव ना बाप्पा," किसनराव म्हणाले. आनंदाबाईंनी चाकाकडं पाहिलं, मग मोहिनीकडं पाहिलं आणि मान हलवली.

आणि मग ती वरात सुरू झाली. ट्रकचा मिस्त्री डोमाजी, ज्याच्याकडं पान्यांनी ट्रंक भरलेली, त्याची ट्रंकच फुलांनी झाकलेली. "उद्या येजो पोरी," तो म्हणाला. "माणूस मेला तरी?" तिनं विचारलं, तर हसला. मेल्या! पंक्चरवाल्या विवेकच्या हवेच्या टाकीला हार, आणि विवेक दारातच आपट्याची पानं घेऊन. "पाना नाई ताई, पण हे सोनं घ्या." तिला वाटलं, ते सोनं त्याच्याच तोंडात कोंबावं. सहा दुकानं झाली. वर्षभर ज्या हत्यारांच्या जोरावर माणसं आपली पोरंबाळं या गॅरेजवाल्यांच्या हाती सोपवतात, ती हत्यारं आज देव झाली होती, आणि देवाला कामाला लावणं पाप! ज्या माणसाचा जीव त्या कामावर आहे, त्याचं काय? त्याचं पुण्य-पाप कोण बघणार?

शेवटी तिला रत्नदीपचं दुकान आठवलं. रत्नदीप मोटारसायकली दुरुस्त करतो. दुकान बंद होतं. तो आदल्या दिवशीच नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. पण मागं घरी त्याची बायको जागृती होती. सासूला ताप, म्हणून थांबलेली. मोहिनीनं धापा टाकत सांगितलं, पाना पाहिजे, तेरा नंबर.

"कायले?" जागृतीनं विचारलं. मोहिनीनं सगळं सांगितलं. जागृतीनं पुढचा प्रश्न विचारला नाही, किल्ली घेतली, शटर वर केलं.

"दोन नेजो," ती म्हणाली. "मांगून नट धरा लागते ना."

साऱ्या चौफुलीवर एका माणसानं कामाचं बोलून दाखवलं, ते तिनं. मोहिनीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

ती दुकानात परतली तर सायकल नाही.

जिथं सायकल उभी होती तिथं नारळाची शेंडी, फुटकी करवंटी आणि कुंकवाचं पाणी. तानबा खुर्चीवर.

"बाबा, गाडी?"

"नेली. मुहूर्त टळून राह्यला होता. तुहा पत्ताच नाई."

"बोल्ट हातानं लावले होते ना! म्या सांगतलं होतं ना!"

"अवं, म्या हात लावून पाह्यला. घट्ट होते. हळूहळू जाजा म्हणलं त्याइले. गाव बी चार किलोमीटर त आहे, विमान चालवून राह्यले का ते?" आणि वर, "तू बी बह्याडावानी करतं."

मोहिनीला वाटलं, हातातला पाना भिंतीवर फेकून मारावा. हात लावून पाहिला म्हणे! बोटानं घट्ट लागतं म्हणून इंजिनला घट्ट लागतं का? ज्या माणसानं तिला लहानपणी नट आवळायला शिकवलं, त्यालाच हे कळू नये? का कळत होतं आणि तरी गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर नाही म्हणवलं नाही? तिनं दुकानातली दुरुस्तीला आलेली एक सायकल काढली, नवे बोल्ट आणि दोन्ही पाने ओढणीच्या टोकाला बांधले आणि निघाली.

हायवे सोडून खेड्याच्या रस्त्याला लागली. दोन्हीकडं कपाशी, सोयाबीन निघालेली वावरं. उन्हानं डांबर तापलेलं. दोन किलोमीटर गेल्यावर नाल्यावरच्या बुटक्या पुलाच्या, रपट्याच्या अलीकडं काहीतरी चमकलं. तिनं ब्रेक दाबला. बोल्ट. इंजिनसोबत आलेला मऊ बोल्ट, आटे अजून नवे. शंभर पावलांवर दुसरा. त्यानंतर मात्र ती सीटवर बसलीच नाही, उभ्यानं पायडल मारत राहिली.

रपट्यानंतर रस्ता चढतो. इंजिनला खरा जोर तिथंच लावावा लागतो, आणि तिथंच ते झालं. उरलेल्या चार बोल्टांवर स्पॉकेट वाकडं झालं, चेन उतरून तारांत गेली, चाक जागच्या जागी जाम झालं आणि दोघं नवरा-बायको रस्त्याच्या कडेच्या नालीत. मोहिनी पोचली तेव्हा आठ-दहा माणसं जमलेली. किसनराव उभे, सदऱ्याला चिखल, टोपी कुठं गेली देव जाणे. आनंदाबाई कडेला बसलेल्या, कोपर सोलून रक्त निघालेलं, नवं हिरवं लुगडं मांडीपासून खाली फाटलेलं आणि चेनच्या काळ्या ग्रीसनं माखलेलं. लुगडं चेनमध्ये आणखी वीतभर गेलं असतं तर पायही गेला असता.

"आली पाह्य!" किसनराव ओरडले. "पाहा रे भाऊ, हेच ते मिस्त्रीन! दोन महिने गाडी ठेवली, हिंगणघाटले चकरा मारल्या, आन हे काम! बाईच्या हातचं काम असंच. मारून टाकलं असतं आमाले!"

मोहिनी पुढं आली. "काका, मी नाई म्हणलं होतं. हात नोका लावू म्हणलं होतं."

"पोरगी सांगत होती जी..." आनंदाबाई म्हणाल्या.

"तू चूप बस!" किसनराव म्हणाले, आणि त्या गप्प बसल्या. रक्त निघतंय बाईचं आणि ती गप्प बसते! माणसं माना हलवत होती. एक म्हणालाही, "तानबानं पोट्टीच्या हाती दुकान द्याले नोको होतं." सहा वर्षांचं काम एका नालीत गेलं. उद्या चौफुलीवर हेच सांगितलं जाणार होतं, आणि परवा हिंगणघाटपर्यंत.

तेवढ्यात तानबा आला, त्याच्या जुन्या मोपेडवर. किसनरावांनी फोन करून बोलावलं होतं. उतरला, चाकाकडं पाहिलं, आनंदाबाईंकडं पाहिलं.

"तानबा," किसनराव म्हणाले, "सांग बरं. हे बोल्ट कोणं लावले होते?"

तानबानं गळा साफ केला. "पोरीनं," तो म्हणाला.

एवढंच. खोटं नव्हतं. बोल्ट तिनंच लावले होते. पण त्या एका शब्दानं सगळा गुन्हा तिच्या गळ्यात बांधला आणि आपण मोकळा झाला. किसनराव परके, त्यांचं काय घेऊन बसायचं? पण हा तर घरचा माणूस.

"बरं, जाऊ दे भाऊ," तानबा लगबगीनं म्हणाला. "मी आत्ताच कसून देतो. पोरी, आण तो पाना."

मोहिनीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "आज हत्याराले हात लावत नाई ना तुमी?"

"हा आपला कुठं आहे? हा रत्नदीपचा. याची पूजा थोडीच झाली. चालते."

चालते! बघा म्हणजे! सकाळी अर्धा तास ती पाया पडल्यासारखी पाना मागत होती तेव्हा नियम होता, आई होती, देव होता. आता चारचौघांत दुकानाची अब्रू चालली तेव्हा नियमाला बरोबर फट सापडली. हा नियम कुणासाठी होता मग? मोहिनीनं ओढणीची गाठ सोडली, पाने हातात घेतले, आणि ते हात पाठीमागं नेले.

"नाई देत," ती म्हणाली.

"काय?"

"आधी सांगा. गाडी कोणं सोडली?"

तानबानं आजूबाजूच्या माणसांकडं पाहिलं. "हे काय लावलं तुनं? घरी बोलू."

"घरी नाई. काका अठीच बोलले, माणसाइच्या देखत. तुमीबी अठीच बोलले, पोरीनं म्हणून. अर्धं बोलले. बाकीचं अर्धंबी अठीच बोला. मी येईतवर गाडी सोडू नोका म्हणून कोण गेलतं, आन सोडली कोणं?"

"अवं पोरी, मुहूर्त चालला," किसनराव मधेच म्हणाले.

"काका, तुमचा मुहूर्त नालीत पडला!" मोहिनीचा आवाज चिरकला. "काकूचा पाय चेनमधी गेला असता त कोणता मुहूर्त कामी आला असता? बोलाले सारे तयार. बोल्टाचं बोला, बाईच्या हाताचं बोला. जे झालं ते कोणी बोलत नाई!"

कडेनं एक बैलगाडी गेली, गाडीवाला वळून वळून बघत गेला. तानबा खाली बघत होता. मग त्याची नजर आनंदाबाईंच्या कोपराकडं गेली. त्या बाईनं फाटक्या लुगड्याचा पदर कोपराला गुंडाळला होता आणि ती एकटक तानबाकडं बघत होती. तिनं तोंड उघडलं नाही. तिला उघडायची गरजही नव्हती, ती तिथं हजर होती आणि ते तानबालाही माहीत होतं.

"म्या सोडली," तानबा म्हणाला.

"आवाज नाई आला."

"म्या सोडली!" तानबा मोठ्यानं म्हणाला. "पोरगी नाई म्हणून गेलती. पाना आणाले गेलती. पाना म्याच पूजेत ठेवला, तिनं ठेवू नोका म्हणलं होतं तरी. आन गाडी म्याच सोडली. तिच्या कामात खोट नाई."

मोहिनीला वाटलं होतं, हे ऐकलं की राग जाईल. गेला नाही. उलट छातीत आणखी भरून आलं. "येवढं बोलाले काकूचं रक्त निंघा लागलं, बाबा," ती म्हणाली आणि चाकाजवळ बसली.

तिनं चेन तारांतून सोडवली. तारा पाहिल्या. एकही तुटली नव्हती, दोन वाकल्या होत्या फक्त, त्याही चेननं. हबवरचे लोखंडी भाग जागचे केसभर हलले नव्हते. जुने चार बोल्ट काढून फेकले, नवे सहा लावले, प्रत्येकाखाली जाड स्प्रिंग वायसर. मग समोरासमोर, एक वरचा, एक खालचा, थोडा हा, थोडा तो. दुसऱ्या पान्यानं मागचा नट तानबानं धरला. न सांगता येऊन उकिडवा बसला आणि धरला. शेवटच्या फेऱ्यात तिनं सगळं अंग पान्यावर टाकलं. चाक उचलून फिरवलं, स्पॉकेट सरळ रेषेत फिरलं. जमलेल्यांतला तो मघाचा शहाणा वाकून बघत होता.

किसनरावांनी खाकरून तानबाला विचारलं, "आता पक्कं का?"

"मले काय इचारता?" तानबा गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाला. "काम तिचं आहे, तिले इचारा."

किसनरावांना ते जड गेलं, पण त्यांनी विचारलं.

"पक्कं आहे," मोहिनी म्हणाली. "पण नवं काम एकदा चाललं की बसते, मंग ढिलं पडते. आता काकूले मोपेडवर पाठवा, डॉक्टरकडे. तुमी एकटे पाच किलोमीटर चालवा आन गाडी सिधी दुकानात आणा. सहाही बोल्ट परत कसावे लागतीन."

"उद्या आणतो मंग."

"उद्या नाई. आज."

तानबा चपापला. "आज? आन हे पाने?"

"हे जागृती वहिनीचे आहेत. हे मी वापस करतो." मोहिनीनं पाने पुसून पुन्हा ओढणीत बांधले. "आज आपल्याच पान्यानं कसतो मी."

तानबानं मोपेड सुरू केली, आनंदाबाईंना हात देऊन मागं बसवलं.

"मी काकूले डॉक्टरकडे सोडून दुकानात होतो," तो म्हणाला. "तू येईतवर फुलं काढून ठेवतो."